जागत्या मेंदूचा नकाशाकार : डॉ. वाइल्डर पेनफिल्ड

अपस्माराइतका प्राचीन आणि त्याच्याइतका गैरसमजांनी वेढलेला आजार क्वचितच आढळेल. चालता-बोलता माणूस एकाएकी कोसळतो, त्याचे हातपाय झटकू लागतात, तोंडाला फेस येतो आणि काही मिनिटांनी तो शुद्धीवर येतो तेव्हा मधल्या काळातले त्याला काहीही आठवत नाही. हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात भीती निर्माण व्हावी हे स्वाभाविक आहे. या भीतीतूनच भूतबाधा, दैवी कोप, पूर्वजन्मीचे पाप अशा कल्पना जन्माला आल्या. आपल्याकडे आजही रस्त्यात कुणाला फेफरे आले, की त्याच्या नाकाशी चप्पल किंवा कांदा धरण्यासाठी हात पुढे येतात. वास्तविक चरकसंहितेने या व्याधीची गणना रोगांतच केली होती आणि स्मृतीचा लोप हे तिचे मुख्य लक्षण मानले होते. अपस्मार हा शब्दच तसा आहे. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिस यांच्या परंपरेनेही सुमारे २,४०० वर्षांपूर्वी या रोगाचे मूळ मेंदूत असल्याचे सांगून ठेवले होते. मात्र मेंदूत म्हणजे नेमके कुठे आणि कशामुळे, हे दोन प्रश्न शतकानुशतके अनुत्तरित राहिले. त्यांपैकी पहिल्या प्रश्नाचा ध्यास घेऊन ज्यांनी आयुष्य वेचले आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट आपल्याच संस्थेच्या छताखाली मोकळी करून दिली, ते कॅनडाचे विख्यात मेंदू शल्यविशारद म्हणजे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड.

पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या गावी झाला. वडील डॉक्टर होते. परंतु त्यांचा व्यवसाय नीट चालला नाही. वाइल्डर आठ वर्षांचे असताना आई जीन मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधील हडसन येथे आपल्या माहेरी आली. संसाराची घडी विस्कटलेल्या या मातेने मुलांच्या शिक्षणाबाबत मात्र कोणतीही तडजोड केली नाही. ऑक्सफर्डमधील शिक्षणासाठी सुरू झालेल्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची बातमी तिच्या कानी आली तेव्हा वाइल्डर अवघे तेरा वर्षांचे होते. ही शिष्यवृत्ती अभ्यासाबरोबरच खेळ आणि नेतृत्व यांतही चमकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळत असल्याने तिने मुलाला त्या दिशेने घडवायला सुरुवात केली. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात वाइल्डर फुटबॉलच्या मैदानावर गाजले, वर्गाचे अध्यक्ष झाले आणि १९१३ मध्ये पदवीधर झाले. लवकरच आईने दहा वर्षे जपलेले स्वप्नही साकार झाले आणि ते ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात दाखल झाले.

ऑक्सफर्डने त्यांना दोन गुरू दिले. एक सर विल्यम ऑस्लर, रुग्णाकडे आधी माणूस म्हणून पाहायला शिकवणारे थोर वैद्यक. दुसरे सर चार्ल्स शेरिंग्टन, चेतासंस्थेच्या अभ्यासाबद्दल पुढे १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. मेंदू हा अजूनही न उलगडलेला प्रदेश आहे आणि तिथे शिरण्याचे धाडस कुणी तरी केले पाहिजे, ही ओढ तरुण पेनफिल्ड यांच्या मनात शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत रुजली. पहिले महायुद्ध सुरूच होते. मार्च १९१६ मध्ये फ्रान्समधील रुग्णालयात सेवेसाठी निघालेले पेनफिल्ड ज्या ‘ससेक्स’ बोटीवर होते, तिच्यावर इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला. पायाला जबर दुखापत झालेल्या या विद्यार्थ्याला ऑस्लर यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. या दुखण्यातून उठलेल्या पेनफिल्ड यांनी १९१७ मध्ये हडसनच्याच हेलन करमॉट यांच्याशी विवाह केला आणि १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली. मेंदू शस्त्रक्रियेचे अमेरिकेतील अध्वर्यू हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली बोस्टनमध्ये उमेदवारी केल्यानंतर ते पुन्हा शेरिंग्टन यांच्याकडे गेले.

१९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये शल्यविशारद म्हणून काम करताना पेनफिल्ड यांना एक गोष्ट खटकत होती. डोक्याला मार लागल्यानंतर काही वर्षांनी अनेकांना अपस्माराचे झटके येऊ लागत. मेंदूतील जखम भरून आल्यावर राहिलेला व्रण या झटक्यांना कारणीभूत असावा, अशी शंका त्यांना येत होती. मात्र तो व्रण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर पेशी रंगवण्याच्या प्रचलित पद्धती तोकड्या पडत. स्पेनमध्ये रामोन इ काहाल आणि त्यांचे शिष्य पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूच्या पेशी रंगवण्याचे तंत्र विकसित केले होते. हे समजताच १९२४ मध्ये पेनफिल्ड यांनी माद्रिद गाठले आणि कित्येक महिने ओर्तेगा यांच्या प्रयोगशाळेत राहून ते तंत्र आत्मसात केले.

पुढची पायरी जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे होती. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. तिथे ओटफ्रिड फोर्स्टर हे डॉक्टर महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत. केवळ स्थानिक भूल देऊन, रुग्ण जागा असतानाच ते कवटी उघडत, विजेच्या सौम्य प्रवाहाने मेंदूचा पृष्ठभाग उद्दीपित करून झटक्याचे उगमस्थान हुडकत आणि तेथील व्रण काढून टाकत. १९२८ मध्ये पेनफिल्ड काही महिने त्यांच्याजवळ राहिले. आपल्या आयुष्याचे काम कोणते, हे त्यांना येथे उमगले.

त्याच वर्षी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते सहकारी विल्यम कोन यांच्यासह मॉन्ट्रियलला आले. नवे शहर, नवे रुग्णालय, मांडायचा होता तो सगळा डाव. आणि डिसेंबरमध्ये त्यांच्यासमोर जो रुग्ण आला, ती होती त्यांची सख्खी बहीण रूथ. लहानपणापासून तिला झटके येत असत. आता डोकेदुखी असह्य झाली होती आणि दृष्टीही धोक्यात आली होती. तपासणीत मेंदूत गाठ असल्याचे स्पष्ट झाले. सख्ख्या बहिणीवर स्वतः शस्त्रक्रिया करावी की नाही, असा पेच कोणत्याही शल्यविशारदाला पडेल. पेनफिल्ड यांनी ती स्वतः केली. उजव्या बाजूच्या पुढील खंडाचा मोठा भाग काढूनही गाठ पूर्णपणे निघाली नाही. तिची मुळे खोलवर गेली होती.

रूथ घरी परतली, आपल्या सहा मुलांत पुन्हा रमली. सुमारे सव्वा वर्षाने पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. पूर्वी असा स्वयंपाक तिच्या हातचा मळ होता. त्या दिवशी मात्र सारे साहित्य समोर असूनही कशानंतर काय करायचे, हेच तिला सुचेना. एक-दोन पदार्थ चुलीवर, बाकी सारे तसेच, आणि ती मधोमध गोंधळून उभी, असे दृश्य भावाला पाहावे लागले. तिची बुद्धी, स्मरणशक्ती, माया सारे शाबूत होते. हरवली होती ती योजना करण्याची क्षमता. मेंदूचा पुढचा खंड काय करतो याची ही अतिशय वेदनादायी नोंद होती. १९३१ मध्ये रूथचा मृत्यू झाला. चार वर्षांनी पेनफिल्ड यांनी ही हकिकत शास्त्रीय निबंधात मांडली. त्यामागे एका भावाचे दुःख असल्याचे त्या निबंधाच्या भाषेवरून कुणाला कळले नसते.

एकट्या शल्यविशारदाच्या हातून हा रोग आवरणार नाही, हे रूथच्या मृत्यूने पेनफिल्ड यांच्या मनावर कायमचे बिंबवले. शल्यविशारद, चेतारोगतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एका छताखाली, एकाच रुग्णाचा विचार करीत बसले पाहिजेत, असा ध्यास त्यांनी घेतला. रॉकफेलर फाउंडेशनने बारा लाख डॉलरहून अधिक देणगी दिली आणि सप्टेंबर १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे दार उघडले. १९६० पर्यंत पेनफिल्ड तिचे संचालक होते.

या संस्थेतील शस्त्रक्रियागृहात जे घडे, ते त्या काळी विलक्षणच होते. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. त्यामुळे कातडी आणि कवटीपुरती भूल दिली, की रुग्ण तासन् तास डॉक्टरांशी बोलू शकतो. पेनफिल्ड विद्युत्-अग्राने मेंदूच्या एकेका बिंदूला स्पर्श करीत आणि रुग्णाला काय जाणवले ते विचारीत. कुणाचा अंगठा हले, कुणाच्या ओठांना मुंग्या येत, कुणाची वाचा क्षणभर बंद पडे. प्रत्येक बिंदूवर आकडा लिहिलेली कागदाची इवलीशी चिठ्ठी ठेवली जाई आणि उत्तर टिपून घेतले जाई. रुग्णाला झटक्याआधी नेहमी येणारा वास किंवा होणारा भास एखाद्या बिंदूवर जसाच्या तसा प्रकटला, की झटक्याचे उगमस्थान हाती लागे. शिवाय कोणता भाग कापल्यास रुग्णाची वाचा किंवा हात कायमचा जाईल, हेही कळे. म्हणजे रुग्णाला जागे ठेवणे हे शास्त्रीय कुतूहलापोटी नव्हते, तर त्याच्याच रक्षणासाठी होते.

अशा शेकडो नोंदींमधून मेंदूचा नकाशा आकाराला आला. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी तो प्रसिद्ध केला. मेंदूच्या पृष्ठभागावर कोणत्या अवयवाला किती जागा आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी विचित्र प्रमाणाच्या मानवाकृतीचा आधार घेतला. तिचे ओठ आणि हात अवाढव्य, तर धड आणि पाय चिमुकले. जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी आजही ती आकृती अभ्यासतात, तिच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या असल्या तरी.

कानशिलाच्या आतील टेम्पोरल खंडाने त्यांना सर्वाधिक चकित केले. तिथे स्पर्श होताच काही रुग्णांना जुने गाणे ऐकू येई, काहींना बालपणीचा प्रसंग डोळ्यांपुढे दिसे. १९६३ मध्ये त्यांनी १,१३२ रुग्णांचा आढावा मांडला. त्यातील ५२० जणांच्या टेम्पोरल खंडाला उद्दीपन दिले होते आणि असा अनुभव आला होता तो फक्त ४० जणांना. मेंदूत प्रत्येक अनुभवाची ध्वनिमुद्रिकेसारखी नोंद असते, असे अनुमान पेनफिल्ड यांनी काढले. ते आज फारसे स्वीकारले जात नाही. स्मृती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि त्या रुग्णांचे अनुभव स्वप्नासारखे मिश्र असावेत, असे आता मानतात.

या यशाला काळी किनारही होती. टेम्पोरल खंडावरील शस्त्रक्रियेने बहुतेकांचे भले होत असताना दोघा रुग्णांची नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती नाहीशी झाली. त्यांतील एक व्यवसायाने अभियंता होता. पेनफिल्ड यांनी ही घटना झाकून ठेवली नाही. संस्थेतील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांच्यासह त्यांनी तिचा शोध घेतला आणि १९५५ मध्ये ती जाहीरपणे मांडली. हिप्पोकॅम्पस या छोट्या अवयवावर स्मरणशक्ती किती अवलंबून असते, हे जगाला कळू लागले ते अशा रुग्णांमुळे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही बाजूंची स्मृती तपासण्याची दक्षता त्यानंतर घेतली जाऊ लागली.

झटक्याचे स्थान सापडले. पण तेथील पेशी अशा बेभान का होतात? कोयत्याने झाड तोडता येते, कीड का लागली ते कळत नाही. पेनफिल्ड यांनी हे ओळखले होते. मेंदूतील विद्युत्-लहरी टिपणाऱ्या ईईजीचे जाणकार हर्बर्ट जॅस्पर यांना त्यांनी संस्थेत आणले. दोघांनी मिळून १९५४ मध्ये अपस्मारावरील बृहद्ग्रंथ सिद्ध केला. दुसरीकडे, शस्त्रक्रियेत काढलेले ऊतक फेकून न देता ते के. ए. सी. एलियट यांच्या रसायनशाळेत जाऊ लागले. १९५२ मध्ये डोनाल्ड टॉवर आणि एलियट यांनी अपस्मारग्रस्त ऊतकातील अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या व्यवहारात बिघाड असल्याचे दाखवले. पुढे अर्न्स्ट फ्लोरी त्यांना येऊन मिळाले. चेतापेशींना शांत करणारा एक अज्ञात पदार्थ मेंदूच्या अर्कात असल्याचे फ्लोरी यांनी पूर्वीच दाखवले होते. गुरांच्या मेंदूपासून तो शुद्ध रूपात वेगळा करण्यात आला आणि १९५७ मध्ये त्याची ओळख पटली. तो होता गॅबा, म्हणजे मेंदूचा प्रमुख लगाम.

या लगामाचे काम कसे चालते? चेतापेशीच्या आवरणावर रिसेप्टर नावाचे प्रथिनांचे दरवाजे असतात. गॅबा ही त्यांची किल्ली. ती बसली की दरवाजा उघडतो, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. ग्लुटामेट हे रसायन आपल्या वेगळ्या रिसेप्टरवर बसून नेमके उलट काम करते, पेशीला चेतवते. निरोगी मेंदूत या दोहोंचा तोल राखला जातो. अपस्मारात तो ढळतो, आणि पुष्कळदा दोष किल्लीत नसून दरवाजात असतो, हे पेनफिल्ड यांच्यानंतरच्या दशकांत उलगडत गेले. १९८८ मध्ये पेट स्कॅनच्या साह्याने, झटक्याच्या उगमस्थानी गॅबाशी संबंधित रिसेप्टर घटलेले असल्याचे जिवंत रुग्णांत दिसले. १९९५ मध्ये रात्री झोपेत झटके येणाऱ्या एका आनुवंशिक अपस्मारामागे अ‍ॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरचे सदोष जनुक सापडले. २००१ मध्ये गॅबाच्या रिसेप्टरमधील जनुकीय दोषही उघड झाले. २००२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी, शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतकातील काही पेशींना गॅबा शांत करण्याऐवजी चेतवत असल्याचे दाखवले. त्या पेशींच्या आतील क्लोराइडचा समतोलच बिघडला होता. शस्त्रक्रियेतील ऊतक प्रयोगशाळेत नेण्याच्या मॉन्ट्रियलच्या प्रथेतलेच हे पुढचे पाऊल होते.

या वृक्षाची एक फांदी भारतातही आली. मॉन्ट्रियलला पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला मेंदू शस्त्रक्रिया विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तेथेच भारतातील पहिली अपस्मार शस्त्रक्रिया पार पडली. समाजमन बदलायला मात्र अधिक काळ लागला. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा वेडाच्या पंक्तीला बसवून विवाहातील अडसर ठरवला गेला होता; तो उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला.

पेनफिल्ड यांना १९५३ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट आणि १९६७ मध्ये कॅनडाचा सर्वोच्च नागरी सन्मान लाभला. त्यांनी लेखणीही हाती घेतली. त्यांच्या दोन कादंबऱ्यांपैकी एक हिप्पोक्रेटिस यांच्या जीवनावर होती, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. अखेरच्या वर्षांत त्यांना एकच कोडे छळत होते. विजेच्या स्पर्शाने रुग्णाचा हात हलवता येत होता, स्मृती जागवता येत होती. परंतु हात हलवण्याची इच्छा कधीच निर्माण करता आली नाही. मग इच्छा करणारे मन कुठे आहे? १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, मन केवळ मेंदूच्या यंत्रणेने उलगडत नाही, असा कौल त्यांनी दिला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो मान्य झाला नाही. ५ एप्रिल १९७६ रोजी मॉन्ट्रियल येथे त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राचे हस्तलिखित त्यांनी जेमतेम काही आठवड्यांपूर्वी पूर्ण केले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. औषधांना दाद न देणाऱ्या टेम्पोरल अपस्मारात शस्त्रक्रिया किती उपयुक्त ठरते, हे २००१ मध्ये कॅनडातच झालेल्या चाचणीने सिद्ध केले. वर्षअखेरीस शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण गंभीर झटक्यांपासून मुक्त होते, केवळ औषधांवरील गटात हे प्रमाण ८ टक्के होते.

रिसेप्टरच्या अभ्यासाने सामान्य माणसालाही एक मोलाची गोष्ट शिकवली आहे. झटका लांबत जातो तसतसे गॅबाचे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि झटका थांबवणारी प्रचलित औषधे निष्प्रभ होऊ लागतात. म्हणून पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे. तोवर त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. चप्पल शोधण्यात गेलेले एकेक मिनिट त्या मेंदूतला एकेक दरवाजा बंद करीत असते. ज्या रोगाला हजारो वर्षे देवाधर्माच्या हवाली केले गेले, त्याच्या रुग्णाशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर बोलत बोलत पेनफिल्ड यांनी त्याला पुन्हा माणसांत आणले. त्यांचे खरे स्मारक मॉन्ट्रियलच्या रस्त्यावरील नामफलकापेक्षा, फेफरे आलेल्या अनोळखी माणसाजवळ न घाबरता गुडघे टेकून बसणाऱ्या प्रत्येकाच्या वर्तनात आहे.